नोंद आणि निवाडा



स्मृतिव्याख्यानासाठी उभं राहताना पहिली गरज असते ती आपली भूमिका स्वच्छ सांगण्याची. ‘संगणक, विज्ञान आणि माणसाचा विवेक’ असा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा मनात एक भीती होती. विज्ञानाच्या मर्यादांवर कुणी बोलू लागलं की बुवाबाजीच्या दुकानदारांना आनंद होतो. विज्ञानाला सगळं कळत नाही, म्हणून आमच्याकडे या, असा त्यांचा धंदा असतो. ज्या महाराष्ट्रात 2013 साली अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला, त्या महाराष्ट्रात ही सावधगिरी बाळगलीच पाहिजे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, की मी आज जे बोलणार आहे ते विज्ञानाच्या बाजूनं उभं राहून. विज्ञानाची मर्यादा विज्ञानाच्याच शिस्तीनं शोधायची असते, आणि तशी शोधली की विज्ञान अधिक बळकट होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. संगणक आणि विज्ञान दोन्ही नोंदीवर उभी असतात. जे मोजलं गेलं, लिहिलं गेलं, साठवलं गेलं, त्यावर त्यांचा सगळा पसारा. ही त्यांची मोठी ताकद आहे. पण नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतर पडतं, कधी केसाएवढं, कधी दरीएवढं. ते अंतर ओळखणं आणि त्या अंतरात सापडलेल्या माणसाची जबाबदारी घेणं, याला मी निवाडा म्हणतो. हे काम माणसाचं आहे. यंत्र कितीही वेगवान झालं तरी ते आपण त्याच्या हाती देऊन मोकळे होऊ शकत नाही.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं जमीनदोस्त झाली. सुमारे 10,000 माणसं गेली. किल्लारी हे नाव देशभर पोचलं. त्या दिवशी भारताच्या भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात हा भाग कुठे होता? सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात. असं पूर्वीही एकदा घडलं होतं. 1962 च्या पहिल्या नकाशात कोयनेचा परिसर शून्य विभागात होता. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला भूकंप झाला आणि नकाशा बदलावा लागला. किल्लारीनंतर तो पुन्हा बदलला. 2002 च्या आवृत्तीत पहिला विभागच काढून टाकला गेला.

नकाशा करणारे शास्त्रज्ञ निष्काळजी नव्हते. त्यांनी उपलब्ध नोंदी घेतल्या, भूशास्त्र घेतलं आणि प्रामाणिकपणे रेषा आखल्या. दख्खनचं पठार स्थिर आहे, ही त्या काळातली रूढ समजूत होती आणि मोठ्या भूकंपांच्या नोंदी तिथे नव्हत्या. चूक पुढच्या पायरीवर झाली. ‘इथे भूकंपाची नोंद नाही’ या विधानाचं वाचकाच्या मनात ‘इथे भूकंपाचा धोका नाही’ असं रूपांतर झालं. पहिलं विधान विज्ञानाचं होतं. दुसरं आपल्या सोयीचं होतं.

आदल्या वर्षी, 1992 मध्ये, किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते. त्यावरून मोठा भूकंप येणार असं भाकीत कुणी करू शकलं नसतं; भूकंपाची वेळ सांगणारं शास्त्र आजही नाही. पण धक्के बसत होते हे खरं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, हेही सगळ्यांना दिसत होतं. भाकीत नसलं तरी या भिंतींचं काही करायचं का, एवढा प्रश्न विचारता आला असता. तो नकाशा विचारणार नव्हता. तो विचारणं हे गावाचं, अभियंत्यांचं, प्रशासनाचं काम होतं. विज्ञान धोक्याचा अंदाज देतं. किती धोका पत्करायचा, कुणाच्या वाट्याला तो जाणार आणि तो टाळण्यासाठी कुणी किती खर्च करायचा, हे विज्ञानाच्या उत्तरात नसतं. ते समाजानं ठरवायचं असतं.

आता संगणकाकडे येऊ. 1983 च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला तणाव टोकाला पोचला होता. त्याच महिन्याच्या 1 तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानानं दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान पाडलं होतं. 26 सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-15 या केंद्रात उपग्रहांद्वारे नजर ठेवणाऱ्या संगणकानं इशारा दिला, की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं आहे. मग आणखी चार. प्रणालीच्या मते माहितीची विश्वासार्हता सर्वोच्च होती. पाळीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, की हा इशारा खोटा आहे.

त्यांनी हे कशावरून ठरवलं? पहिला हल्ला करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडील? प्रणाली नवी होती आणि तिच्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. जमिनीवरच्या रडारांना काही दिसत नव्हतं. यातली एकही गोष्ट निर्णायक पुरावा नव्हती. आपली खात्री नव्हती, हे पेत्रोव्ह यांनी पुढे स्वतःच सांगितलं. नंतरच्या तपासात कळलं, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांना क्षेपणास्त्राच्या ज्वाळेसारखा दिसला होता. आणि त्या रात्रीनंतर पेत्रोव्ह यांना ठपका कशाबद्दल मिळाला? प्रसंग चालू असताना नोंदवही भरली नाही, याबद्दल.

या प्रसंगातून अंतःप्रेरणा यंत्रापेक्षा श्रेष्ठ असते, असा निष्कर्ष लोक काढतात. तो मला मान्य नाही. पेत्रोव्ह अंदाजपंचे वागले नाहीत. त्यांनी संगणकानं न विचारलेला प्रश्न विचारला. क्षेपणास्त्राची ज्वाळा दिसते का, एवढंच त्या प्रणालीला विचारलेलं होतं. या ज्वाळेला काही अर्थ आहे का, जगात आज असं घडण्यासारखं आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि विचारता येतही नव्हतं. माणूस हाच प्रश्न विचारतो, कारण तो पडद्याच्या बाहेरच्या जगात राहतो.

दुसरं उदाहरण वैद्यकातलं आहे आणि माझ्या मते अधिक शिकवणारं. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदी संगणकाला दिल्या. कोणत्या रुग्णाला जिवाचा धोका जास्त, कुणाला घरी पाठवून चालेल, हे त्यानं सांगावं अशी अपेक्षा होती. अनेक पद्धती वापरून पाहिल्या; त्यांत न्यूरल नेटवर्क सर्वांत अचूक ठरलं. पण त्याच नोंदींवर चाललेल्या दुसऱ्या एका पद्धतीनं एक विचित्र नियम शोधून काढला. दमा असलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाला मृत्यूचा धोका कमी असतो, असा तो नियम. कोणताही डॉक्टर हे ऐकून दचकेल. खुलासा साधा होता. दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर त्याला ताबडतोब दाखल करत, बहुधा अतिदक्षता विभागात हलवत, आणि त्या काळजीमुळे तो वाचत असे. नोंदीत वाचलेला रुग्ण होता. त्याला वाचवणारी धावपळ नव्हती. संगणकाच्या सल्ल्यानं त्या रुग्णांना घरी पाठवलं असतं तर ते दगावले असते.

संशोधकांनी ते सर्वांत अचूक न्यूरल नेटवर्क रुग्णांसाठी न वापरायचं ठरवलं. दम्याचा नियम दुसऱ्या पद्धतीत उघड दिसला म्हणून पकडता आला. नेटवर्कच्या पोटात असे आणखी किती नियम दडले असतील, हे कळायला मार्ग नव्हता. त्या संशोधकांपैकी रिच करुआना यांनी पुढे, 2015 मध्ये, ज्यांचं आतलं गणित डॉक्टरला वाचता येईल आणि दुरुस्त करता येईल अशा पद्धतींचा सविस्तर निबंध मांडला. हे विज्ञानच आहे, मित्रहो. अचूकतेचा आकडा हातात असताना ‘थांबा’ म्हणणारं विज्ञान.

पण सगळीकडे थांबा म्हणणारी माणसं भेटत नाहीत. ती भेटली नाहीत की काय होतं, याचा आपल्या काळातला सर्वांत वेदनादायक दाखला ब्रिटनमधला आहे आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

ब्रिटनमधली बहुतेक छोटी पोस्ट ऑफिसं करारावर चालतात. किराणा दुकानाच्या एका बाजूला टपालाची खिडकी, आणि ती चालवणारा दुकानदार म्हणजे सब-पोस्टमास्टर. गावातला विश्वासाचा माणूस. पेन्शन तोच देणार, बिलं तोच घेणार. अनेक भारतीय वंशाची कुटुंबंही या व्यवसायात होती. 1999 पासून या सगळ्या खिडक्यांवर ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती चालवणारी कंपनी फुजित्सू. मग ठिकठिकाणी हिशेब जुळेनासे झाले. संगणक म्हणे इतके पौंड हवेत, गल्ल्यात तेवढे नसत. करार असा होता, की तूट सब-पोस्टमास्टरनं भरायची. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतकेंद्राला फोन केला तर ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असं उत्तर मिळाल्याचं अनेकांनी पुढे सांगितलं.

ती तक्रार फक्त त्यांची नव्हती. प्रणालीत दोष होते. एका प्रकारात पडदा गोठायचा आणि माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबायचा. दर वेळी तीच रक्कम नव्यानं नोंदली जायची. 8,000 पौंडांची एक रक्कम अशी चारदा चढली आणि 24,000 पौंडांची तूट कागदावर जन्माला आली. शिवाय कंपनीचे कर्मचारी दूर बसून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते, आणि हे शक्यच नाही असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यांतले सुमारे 700 खटले पोस्ट ऑफिसनं स्वतः चालवले होते. माणसं तुरुंगात गेली. एक स्त्री गरोदर असताना गेली. माणसं दिवाळखोर झाली, गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सर विन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा पहिला अहवाल 2025 मध्ये आला. या प्रकरणाशी किमान 13 आत्महत्यांचा संबंध असू शकतो, असं त्यात नमूद आहे.

ॲलन बेट्स या सब-पोस्टमास्टरनं इतरांना एकत्र करून लढा उभारला. 555 जणांच्या दाव्यात 2019 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं प्रणाली सदोष होती असा निर्वाळा दिला. 2021 च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयानं एका दिवसात 39 जणांची दोषसिद्धी रद्द केली. 2024 साली संसदेला खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना निर्दोष ठरवावं लागलं.

आता या प्रकरणात संगणकाचा अपराध किती? संगणकात चुका असतात. प्रत्येक मोठ्या प्रणालीत असतात. माझ्या मते त्या चुकांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच घडली. वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवणारी शेकडो माणसं, देशाच्या चारही कोपऱ्यांत, नवी यंत्रणा बसल्यानंतरच्याच काळात एकाएकी चोर कशी झाली, हा प्रश्न वर बसलेल्यांपैकी कुणीही लावून धरला नाही. त्यासाठी संगणकशास्त्र यावं लागत नव्हतं. गावात दुकान चालवणाऱ्या माणसाची थोडी ओळख असती तरी पुरली असती. पण संगणकाची नोंद म्हणजेच वस्तुस्थिती, असं सर्वांनी धरून चालायचं ठरवलं होतं. माणसाच्या शब्दाला पुरावा मागितला गेला आणि यंत्राच्या शब्दाला मागितला गेला नाही.

यात कायद्याचाही हात होता. संगणकातून आलेला पुरावा मांडायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागेल, असं कलम ब्रिटनच्या 1984 च्या पुरावाविषयक कायद्यात होतं. ते जाचक वाटलं म्हणून 1999 च्या कायद्यानं काढून टाकलं गेलं. त्यानंतर संगणक ठीकच चालतो असं गृहीत धरलं जाऊ लागलं. तो बिघडला होता असं वाटत असेल तर तसं दाखवण्याचा भार आरोपीवर आला. होरायझन बसवायला सुरुवात झाली ते वर्ष आणि हे कलम रद्द करणारा कायदा झाला ते वर्ष एकच आहे. खेड्यातल्या दुकानदारानं एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रणालीतला दोष कसा दाखवावा? प्रणालीच्या आतल्या नोंदी तर त्याच कंपनीच्या ताब्यात होत्या.

आपल्याकडे कायदा निदान प्रमाणपत्र तरी मागतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुरावा होता चित्रीकरणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी न्यायालयानं सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करताना कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट कायम आहे. चांगली गोष्ट आहे. पण प्रमाणपत्र यंत्राबद्दल बोलतं. यंत्रात जे नोंदलं गेलं ते प्रत्यक्षात घडलं होतं का, हे न्यायाधीशालाच तपासावं लागतं.

इथे विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान एकतर्फी होईल. माणसाचा निवाडा काही सोन्याचा नसतो. माणूस थकतो, रागावतो, जात पाहतो, पैसा पाहतो, ओळखीच्याला झुकतं माप देतो. 1954 मध्ये पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक छोटं पुस्तक लिहिलं आणि तज्ज्ञांची झोप उडवली. तज्ज्ञाचं भाकीत आणि साध्या संख्याशास्त्रीय सूत्राचं भाकीत यांची तुलना करणारे सुमारे 20 अभ्यास त्यांनी पाहिले. जवळजवळ सगळ्यांत सूत्र तज्ज्ञाच्या तोडीचं किंवा सरस ठरलं. नंतरच्या संशोधनानंही हेच दाखवलं. व्हर्जिनिया ॲपगार या डॉक्टरबाईंनी 1952 मध्ये नवजात बाळासाठी पाच गोष्टींना गुण देण्याची साधी पद्धत सुचवली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत ती वापरली जाते, कारण अनुभवी डोळ्यालाही अशा चौकटीची गरज असते.

मील यांनीच एक अपवादही सांगितला. समजा, एक प्राध्यापक दर आठवड्याला न चुकता सिनेमाला जातो. सूत्र म्हणेल, याही आठवड्यात जाईल. पण त्याचा पाय मोडला आहे हे तुम्हाला कळलं, तर सूत्र बाजूला ठेवणंच शहाणपणाचं. लगेच दुसरी बाजूही पुढे आली. तज्ज्ञांना मोडलेले पाय जिथे तिथे दिसू लागतात आणि ते नाहक सूत्र मोडतात. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवा. एरवी सूत्राला मान द्यावा. पण मोडलेला पाय पाहणारा आणि तो पाहिल्यावर सूत्र थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे असला पाहिजे, आणि आपण का थांबवलं याचं कारण त्यानं चारचौघांत दिलं पाहिजे. मी ज्या निवाड्याची बाजू मांडतो आहे तो मनमानीचा नाही. कारण देणारा आणि कारण ऐकणारा, तोच निवाडा.

काही विचारवंत संगणकाची मर्यादा गणितात शोधतात. कुर्ट गोडेल यांनी 1931 मध्ये आणि ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये सिद्ध केलं, की औपचारिक पद्धतींना आणि यंत्रांना सोडवता न येणारे प्रश्न असतात. त्यावरून 1961 मध्ये जॉन लुकस यांनी आणि पुढे रॉजर पेनरोज यांनी माणसाचं मन यंत्राच्या पलीकडचं आहे असा युक्तिवाद केला. तो वाद अजून मिटलेला नाही. मला तो बौद्धिक दृष्ट्या सुंदर वाटतो, पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. तिच्यापुढची मर्यादा गणिताची नाही. यंत्रानं नकार दिल्यावर बोलायचं कुणाशी, ही तिची अडचण आहे.

म्हणून मला जोसेफ वायझेनबाम अधिक जवळचे वाटतात. बर्लिनमध्ये 1923 साली जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या काळात, 1936 मध्ये, कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि पुढे एमआयटीमध्ये संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला. 1966 मध्ये त्यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा संगणक-प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारणं, एवढंच तो करत असे. तरीही त्यांच्या सचिव असलेल्या बाई त्या यंत्राशी बोलताना वायझेनबामना म्हणाल्या, जरा बाहेर थांबता का? ते हादरले. यंत्राची बुद्धी पाहून नव्हे, तर माणसं यंत्रावर किती चटकन विश्वास टाकतात हे पाहून. दहा वर्षांनी, 1976 मध्ये, त्यांनी ग्रंथ लिहून सांगितलं, की संगणक काय करू शकतो हा एक प्रश्न आहे आणि त्याला काय करू द्यावं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर संगणकशास्त्रात नाही. शहाणपण आणि करुणा लागते अशी कामं, जमत असली तरी, यंत्राकडे सोपवू नयेत.

आज यंत्रं मराठीतही अस्खलित बोलू लागली आहेत. वायझेनबाम यांचा इशारा अशा वेळी दुप्पट लागू होतो. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर वाढलेली आहेत. जे लिहिलं गेलं नाही, ज्या बोलीची पुस्तकं नाहीत, ज्या वस्तीची कहाणी कुणी छापली नाही, ते त्यांच्या हिशेबात फिकं किंवा गैरहजर असतं. आणि खरं व चुकीचं, दोन्ही ती सारख्याच ठाम सुरात सांगतात. त्यांचा उपयोग जरूर करा. पण सुराच्या ठामपणाला पुरावा समजू नका.

आता शेवटी पुन्हा महाराष्ट्रात येतो. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात तिनं लाखो माणसं जगवली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि पुढे 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. या योजनेचा प्राण म्हणजे मस्टर, मजुरांची हजेरीवही. मस्टरवर नाव तर मजुरी. मस्टरमध्ये बोगस नावं घुसत, काम न करणाऱ्यांच्या नावे पैसे निघत, हे आपण सगळे जाणतो. त्याला आळा घालायला तंत्रज्ञान आणलं, त्यात गैर काहीच नव्हतं. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून ते ठिकाणाच्या खुणेसह ॲपवर चढवणं बंधनकारक झालं.

पण फोटो म्हणजे काम नव्हे. मेळघाटात किंवा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात रेंज मिळाली नाही, सर्व्हर बसला, रोजगार सेवकाचा मोबाइल बंद पडला, तर दिवसभर माती उपसलेल्या बाईचा दिवस नोंदीत उरत नाही. आणि उलट बाजूनं, ज्याला फसवायचं आहे त्याला ॲपही फसवता येतं. 2025 च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं, की असंबद्ध फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, प्रत्यक्ष मजूर आणि नोंदलेले मजूर जुळत नाहीत. तेव्हा ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी तपासणी करावी. म्हणजे काम झालं की नाही हे अखेर कामावर जाऊन पाहणाऱ्या माणसालाच सांगता येतं, हे सरकारलाही मान्य करावं लागलं.

रेशनच्या दुकानातही हीच कथा. आयुष्यभर शेणामातीत राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात, ओळख पटवताना यंत्र अपयशी ठरलं म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाणार नाही, या सरकारच्या आश्वासनाची दखल घेतली आहे. पर्यायी पद्धतीची तरतूदही आहे. तरी दुकानदार म्हणतो, मशीन घेत नाही, मी काय करू? त्याला दोष देऊन भागणार नाही. मशीननं नाही म्हटल्यावर हो म्हणण्याचं बळ आपण त्याला दिलेलंच नाही. तो हो म्हणाला तर उद्या त्याच्याकडेच संशयानं पाहिलं जाईल.

हे बदलता येईल, आणि त्यासाठी यंत्रं फेकून द्यायची गरज नाही. माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली. जिथे यंत्राच्या उत्तरावरून कुणाची मजुरी, धान्य, पेन्शन, उपचार किंवा अब्रू जाणार असेल, तिथे त्या निर्णयाखाली एका अधिकाऱ्याचं नाव असलं पाहिजे. त्याला तो निर्णय जागेवर फिरवण्याचा अधिकार हवा आणि कारण लिहून देण्याचं बंधन हवं. योग्य कारणासाठी यंत्राच्या विरुद्ध गेलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवं.

दुसरी. नागरिकाचं म्हणणं आणि यंत्राची नोंद जुळत नसेल, तर यंत्र बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा भार यंत्र चालवणाऱ्यावर असावा. तोवर मजुरी आणि धान्य थांबू नये. ब्रिटननं हा भार उलटा टाकला आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी तुरुंगात बसून चुकवली.

तिसरी. अशा प्रणालींत किती वेळा चूक झाली, कुणाची झाली, ती किती दिवसांत दुरुस्त झाली, हे ग्रामसभेत वाचून दाखवलं जावं. सामाजिक अंकेक्षणाची वाट रोजगार हमी कायद्यानं घालून दिलेली आहे. ती प्रत्येक संगणकीय व्यवस्थेला लागू करा.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना, एक विनंती. उद्या तुम्ही अशा प्रणाली बांधणार आहात. आकडेवारी हातात आली की पहिल्यांदा विचारा, ही नोंद कुणी केली, कुठे केली आणि यात कोण सुटलं? तुमच्या प्रणालीनं ज्याला नाकारलं त्या माणसाला वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. आणि बाकी आपण सर्वांनी, पुढच्या वेळी खिडकीवर कुणाला ‘सिस्टिममध्ये नाही’ असं उत्तर मिळालेलं ऐकलं, तर गप्प राहू नये. त्या माणसाच्या शेजारी उभं राहावं आणि हा निर्णय कुणाचा, त्याचं नाव आणि कारण लेखी मागावं.